‘साहेब, लोकेशन काढा ना’ : हरवलेला माणूस, त्याचा मोबाईल आणि पोलीस

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंचे मामा, वय ६८, विस्मरणाचा त्रास. सकाळी कोपऱ्यावरून येतो म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. मोबाईल खिशात होता आणि रात्री दहापर्यंत रिंग जात होती. संध्याकाळी घरचे पोलीस ठाण्यात गेले तर ‘चोवीस तास वाट बघा, येतील’ असं सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी नोंद झाली, तिसऱ्या दिवशी ‘टॉवर लोकेशन’ मिळालं. त्या टॉवरभोवती घरच्यांनी दीड दिवस पायपीट केली आणि मामा चौथ्या दिवशी सापडले ते तिथून अकरा किलोमीटरवर, घाटाखालच्या एका देवळात. ताईंचं विचारणं असं की लोकेशन लगेच का काढत नाहीत, काढलेलं चुकतं कसं, आणि कायदा नक्की काय सांगतो?

मामा सापडले हे वाचून बरं वाटलं. मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची नऊ वर्षं जिल्ह्याच्या तांत्रिक विश्लेषणाचं काम पाहिलं. म्हणजे ठाण्यातून ‘लोकेशन मिळणेबाबत’ असा जो कागद निघतो, तो ज्या टेबलावर येऊन पडतो त्या टेबलामागे मी बसायचो. त्यामुळे दोन्ही बाजूंची रडगाणी मला पाठ आहेत.

आधी ‘लोकेशन चुकलं’ याबद्दल, कारण बाकीचे घोळ तिथूनच सुरू होतात. ते लोकेशन चुकलेलं नव्हतं. तुम्हाला जे दिलं ते मामांचं ठिकाण नव्हतंच, तो टॉवरचा पत्ता होता. सिनेमात संगणकावर लाल ठिपका लुकलुकत पुढे सरकतो, तसं आमच्याकडे काही नसतं. मोबाईल कंपनीला एवढंच माहीत असतं की हा फोन आत्ता किंवा शेवटी कुठल्या सेलला जोडलेला होता. टॉवरला साधारणपणे तीन दिशांना तोंडं असतात आणि प्रत्येक तोंड सुमारे १२० अंशांचा भाग सांभाळतं. त्या प्रत्येक भागाला वेगळा सेल आयडी असतो. म्हणजे तुमच्या हाती येते ती कलिंगडाची एक फोड, जिचं टोक टॉवरवर आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर ही फोड काहीशे मीटरची असेल. उघड्या माळावर, डोंगराळ तालुक्यात ती कित्येक किलोमीटर लांब जाते. जुन्या टूजी तंत्रात तर एका टॉवरचा पल्ला तत्त्वतः ३५ किलोमीटरपर्यंत जातो.

तुमच्या घरच्यांनी काय केलं? टॉवरचा पत्ता मिळाला, तिथे गेले आणि टॉवरच्या चारही बाजूंनी शोधलं. दोष त्यांचा नाही, त्यांना फोड कुठल्या दिशेची ते कुणी सांगितलंच नाही. कंपनीच्या टॉवरच्या यादीत प्रत्येक सेलपुढे त्याच्या तोंडाची दिशा अंशांमध्ये दिलेली असते. तपासी अंमलदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘साहेब, सेलची दिशा कुठली?’ हा प्रश्न ऐकल्यावर समोरचा माणूस जरा सावरून बसतो, हा माझा अनुभव आहे.

डोंगरात आणखी एक गंमत असते. फोन जवळचा टॉवर पकडत नाही, ज्याचा सिग्नल चांगला येतो तो पकडतो. नाणेघाटाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा फोन जुन्नरकडचा टॉवर सोडून खाली मुरबाडच्या बाजूचा धरू शकतो, कारण मधे अडवायला काही नसतं. कागदावर माणूस ठाणे जिल्ह्यात आणि प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यात. एका प्रकरणात आम्ही कोकणातल्या पोलिसांना रात्रभर खालची वाडी पिंजून काढायला लावली होती आणि पोरगा वर कड्याजवळच्या झापात झोपला होता. तिथला एक गुराखी सकाळी म्हणाला, ‘इथं फोन लावला की खालचाच लागतो.’ त्यानंतर डोंगरातलं लोकेशन आलं की मी आधी तिथल्या स्थानिक माणसाला फोन करायचो, नकाशा नंतर उघडायचो. तुमचे मामा घाटाखाली होते, आणि टॉवर बहुतेक वर असणार. अकरा किलोमीटरचा उलगडा मला तरी यातच दिसतो.

लोकेशनलाही वय असतं, हेही ध्यानात घ्या. फोन चालू असेल तर कंपनीच्या यंत्रणेतून चालू स्थिती काढता येते, त्याला आम्ही ‘लाइव्ह लोकेशन’ म्हणायचो. पण फोन जागेवर पडून असेल, कुणाशी काही बोलत नसेल, तर नेटवर्कला त्याची खबर ठरावीक अंतरानेच मिळते. त्यामुळे आलेलं उत्तर दोन मिनिटांपूर्वीचं आहे की दोन तासांपूर्वीचं, ते बघावं लागतं. आणि फोन एकदा बंद झाला की जगातलं कुठलंही पोलीस दल फक्त शेवटची जागा सांगू शकतं. तुमच्या बाबतीत रात्री दहापर्यंत रिंग जात होती. हे सोन्याचे तास होते. ‘चोवीस तास थांबा’ म्हणणाऱ्याने तेच घालवले.

दुसरी गोष्ट सीडीआर. म्हणजे कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला, कुठल्या हँडसेटवरून केला आणि सुरुवातीला व शेवटी कुठला सेल होता, याची नोंदवही. लोकांना वाटतं त्यात माणसाचा दिवसभराचा माग असतो. नसतो. काहीतरी घडलं तरच ओळ उमटते. तुम्ही त्या दिवशी मामांना शंभर वेळा फोन केले असतील, पण त्यांनी उचलला नाही तर ते फोन सीडीआरमध्ये सहसा दिसत नाहीत. उलट एक साधा मेसेज पोहोचला, तर तो कुठल्या सेलवर पोहोचला ते दिसतं. म्हणून माझा सल्ला नेहमी उलटा असतो: सतत फोन लावू नका, अर्ध्या-एक तासाने एखादा साधा एसएमएस टाका. शंभर रिंगांनी बॅटरी संपते. आमच्या ऐन कामाच्या वेळी फोन बंद पाडणारे बहुतेक वेळा काळजीने वेडेपिसे झालेले घरचेच असायचे. नेट चालू असेल तर आयपीडीआर नावाची इंटरनेट वापराची वेगळी नोंद मिळते. साध्या बटणांच्या फोनवर तिचा काही उपयोग नाही.

ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रित वाक्यातही थोडी माहिती असते. फोन नीट बंद केला किंवा बॅटरी संपून बंद झाला, तर फोन जाता जाता नेटवर्कला कळवून जातो आणि तुम्हाला ‘बंद आहे’ असं ऐकू येतं. फोन अचानक पाण्यात गेला, किंवा दरीत उतरल्यामुळे सिग्नल तुटला, तर नेटवर्कला काही काळ वाटत राहतं की तो आहे, आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असं ऐकू येतं. कंपनीगणिक ही वाक्यं बदलतात, त्यामुळे यावर पैज लावू नका. पण किती वाजता काय ऐकू आलं हे वेळेसकट लिहून ठेवा. मला एकदा एका आजीबाईंनी वहीच्या मागच्या पानावर अशा वेळा लिहून आणून दिल्या होत्या. माझ्या दोन हवालदारांच्या अहवालापेक्षा तो कागद कामाचा निघाला.

आता कायदा. चोवीस तास थांबण्याचा कुठलाही नियम नाही आणि कधी नव्हता. हे वाक्य ठाण्याठाण्यांत कसं रुजलं ते मला आजही कळलेलं नाही. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर प्रश्नच मिटतो. सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत १० मे २०१३ रोजी सांगितलं की हरवलेलं मूल हे पळवून नेलेलं किंवा तस्करीत सापडलेलं आहे असं गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा. महाराष्ट्रात तेव्हा भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३६३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२) लागतं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा, हेही त्याच आदेशात आहे. गुन्हा दाखल झाला की तपास सुरू, आणि तपास सुरू झाला की कंपनीकडे माहिती मागण्याचा अधिकार आपोआप हातात येतो.

अडचण सज्ञान माणसाची आहे. सज्ञान माणूस घर सोडून गेला तर तो गुन्हा नाही. म्हणून ‘मिसिंग’ दाखल होते, एका वेगळ्या रजिस्टरला. कंपनीकडून माहिती मागवण्याचं मुख्य हत्यार म्हणजे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. त्यात शब्द आहेत तपास, चौकशी, खटला वगैरे कार्यवाहीसाठी आवश्यक असलेल्या गोष्टींचे. मिसिंगचं रजिस्टर काटेकोर अर्थाने यातल्या कशातच बसत नाही. प्रत्यक्षात आम्ही मागायचो आणि कंपन्या द्यायच्या, माणूस जिवंत सापडला तर कोण कुरकुर करणार? पण ही फट आहे, आणि एखाद्या भित्र्या अधिकाऱ्याला हात झटकायला ती पुरते. माझ्या मते सज्ञान हरवलेल्या व्यक्तीसाठी जीविताच्या धोक्याच्या आधारावर, काही तासांपुरतं आणि फक्त ठिकाणापुरतं असं एक स्पष्ट कलम असायला हवं होतं. नवी संहिता लिहिताना ती संधी होती, ती गेली.

फोन ऐकणं, म्हणजे टॅपिंग, हा पूर्ण वेगळा मामला. त्याला आता दूरसंचार कायदा २०२३ चं कलम २० आणि ६ डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत, आणि परवानगी गृहसचिवाच्या पातळीवरची लागते. ठाण्यात कुणी ‘टॅपिंगला वरून ऑर्डर लागते हो’ असं सांगून लोकेशनचा विषय टोलवत असेल, तर त्याला नम्रपणे सांगा की तुम्ही टॅपिंग मागत नाही आहात.

मग ‘एसपी साहेबांची सही लागते’ हे खरं की बहाणा? खरं आहे. २०१३ साली दिल्लीत एका ज्येष्ठ विरोधी पक्षनेत्याचे कॉल तपशील बेकायदा मिळवल्याचं उघड झालं, एका पोलीस शिपायालाच अटक झाली, आणि त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने बंधन घातलं की सीडीआरची मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच जाईल. आयुक्तालयात पोलीस उपायुक्त, म्हणजे डीसीपी. ठाण्याचा हवालदार थेट कंपनीला मेल करू शकत नाही. नेमलेल्या कार्यालयाच्या अधिकृत मेलवरून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलिसांच्या मागण्यांसाठी नेमलेल्या माणसाकडे, मागणी जाते. गल्लीतल्या सिमकार्डच्या दुकानात जाऊन भांडणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले. त्या बिचाऱ्या पोराच्या संगणकावर यातलं काहीही नसतं.

हे बंधन मला नोकरीत कधी जाचक वाटलं नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेरही आत गेले. बायकोवर संशय घेणारे नवरे, भागीदारावर डूख धरणारे व्यापारी, असा सगळा गिऱ्हाइकवर्ग असतो या मालाला. वरची सही आहे म्हणून निदान दार तरी आहे.

मग उशीर कुठे होतो? इथे मला थोडं विस्ताराने लिहायचंय.

उशीर कंपनीत फार होत नाही. आमच्या टेबलावरून मेल गेला की चालू लोकेशन बऱ्याचदा तासाभरात यायचं, सीडीआरला थोडा जास्त वेळ लागायचा. उशीर व्हायचा ठाण्यापासून आमच्या टेबलापर्यंत. आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही, ते मिसिंगच्या खबरीतच असतं. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक खबरीत एक वाक्य छापल्यासारखं असतं: ‘घरात कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेले आहेत.’ हे वाक्य घरातून रुसून गेलेल्या पंचविशीच्या तरुणालाही लागतं आणि आपलं नाव विसरलेल्या म्हाताऱ्यालाही. दिवसाला पंधरा-वीस मागण्या येत. त्यात हे वाक्य वाचलं की कागद ढिगात खाली. कोण कुठला, कशाने धोक्यात आहे, काही कळायला मार्ग नाही.

तेच एका हवालदाराने कसं लिहून पाठवलं होतं ते सांगतो. ‘वय ७१, विस्मरणाचे उपचार चालू, स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, इन्शुलिनवर आहेत, सकाळचा डोस झाला, रात्रीचा चुकणार, अंगात फक्त सदरा, पायात स्लीपर, रात्री तापमान उतरते, फोन ४ वाजेपर्यंत चालू, रिंग जाते.’ मी हा कागद घेऊन धावत वर गेलो होतो. साहेब जेवत होते, ताटावरूनच त्यांनी फोन लावला. एसपी काय, डीसीपी काय, माणूसच असतो. जीविताला धोका आहे एवढं म्हणून भागत नाही, तो धोका दिसला पाहिजे.

तेव्हा खबर देताना तुमचं काम हेच. डॉक्टरची चिठ्ठी, औषधांची नावं, कुठला डोस कधी चुकणार, पूर्वी असे कधी निघून गेले होते का आणि कुठे सापडले, खिशात पैसे किती, फोनला चार्जिंग साधारण किती असेल. हे सगळं खबरीत लिहून घ्यायला लावा, तोंडी सांगून मोकळे होऊ नका. ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर प्रभारी अधिकाऱ्याला भेटा. तरीही नाही तर ११२ वर फोन करा, म्हणजे निदान वेळेची नोंद कुठेतरी राहते, आणि पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला लेखी मेल टाका. पळवून नेल्याचा संशय असेल तर भाषा बदलते, तिथे मिसिंग नव्हे, गुन्हा दाखल करायला सांगा. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगून ठेवलंय, आणि हद्दीचं कारण आता चालत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय, नव्या संहितेतच आहे. काहीच हललं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी याचिका, हा रस्ता आहेच, पण तो दिवसांचा रस्ता आहे, तासांचा नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट उलटी घडली, म्हणून सांगतो. २००७ च्या जूनमध्ये कॅन्ससमध्ये केल्सी स्मिथ नावाची १८ वर्षांची मुलगी एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमधून पळवली गेली. पोलीस मागत होते, घरचे विनवत होते, पण मोबाईल कंपनीने ठिकाण द्यायला सुमारे चार दिवस घेतले. माहिती मिळाल्यावर तासाभराच्या आत मृतदेह सापडला. तिथल्या केंद्रीय कायद्यात आणीबाणीत कंपनी माहिती देऊ शकते असं आहे, दिलीच पाहिजे असं नाही. आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये कॅन्ससने तिच्या नावाने कायदा केला: मृत्यू किंवा गंभीर इजेचा धोका असेल तर पोलिसांनी मागितल्यावर कंपनीने ठिकाण दिलंच पाहिजे. नंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात जुन्या ठिकाणांच्या नोंदींसाठी न्यायालयाचं वॉरंट लागेल असं ठरवलं, पण तातडीच्या प्रसंगांचा अपवाद मोकळा ठेवला. आपल्याकडे कंपनी पोलिसांना नाही म्हणत नाही. आपल्याकडे पोलीस पोलिसांनाच नाही म्हणतात.

आता ज्या भागावर मला नेहमी शिव्या बसतात तो. पोलिसांना लोकेशन मिळालं तरी ते नातेवाइकांना सांगितलंच पाहिजे असं नाही, आणि काही वेळा सांगू नयेच. तुमच्या मामांच्या बाबतीत सांगायला हरकत नव्हती. पण एक प्रकरण ऐका. नवरा रोज ठाण्यात यायचा, डोळ्यात पाणी, सोबत दोन वर्षांच्या मुलीचा फोटो. बायको हरवली. लोकेशन द्या, मी जाऊन घेऊन येतो. आमच्या एका नव्या फौजदाराला इतकी दया आली की तो कागद हातात देणार होता. बायको दुसऱ्या जिल्ह्यात मावशीकडे सापडली. मनगटावर चटक्यांचे डाग होते. तिने तिथल्या ठाण्यात जबाब दिला की मी स्वतःच्या मर्जीने आले, माझा पत्ता कुणालाही कळवू नये. आम्ही मिसिंग बंद केली आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं की ती सुखरूप आहे आणि तिला तुमच्याशी बोलायचं नाही. त्याने माझ्याविरुद्ध तीन ठिकाणी तक्रारी केल्या. सज्ञान माणसाला हरवण्याचा नसला तरी निघून जाण्याचा हक्क आहे. पुट्टस्वामी प्रकरणात ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याचा जमिनीवरचा अर्थ मला त्या मनगटाने शिकवला. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलींच्या बाबतीत तर ‘मिसिंग’ हा शोध नसतोच, पाठलाग असतो, आणि पोलिसांना त्यात कुत्र्यासारखं वापरायचा बेत असतो. मागणी आली की मी आधी हेच बघायचो: हरवलेल्या माणसाला धोका कशाचा आहे, आणि तो धोका माझ्यासमोर खुर्चीत तर बसलेला नाही ना.

कुटुंबाने स्वतः काय करावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करू नये, ते सांगतो.

डुप्लिकेट सिम काढू नका. ‘बाबांच्या नंबरवर ओटीपी येतो, बँकेचं बघायचंय’ म्हणून एक मुलगा दुसऱ्या दिवशीच नवीन सिम घेऊन आला. नवीन सिम चालू होताच बाबांच्या खिशातलं जुनं सिम मेलं. आम्ही ज्या फोनचा माग काढत होतो तो आमच्या डोळ्यांसमोर विझला. तसंच सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन हँडसेट ब्लॉक करू नका. ती सोय चोरीच्या फोनसाठी आहे. माणूस फोनसकट हरवलाय तोवर तो फोन चालू राहणं हीच आपली आशा असते. रिचार्ज संपत आला असेल तर ताबडतोब मारा, हे तर लोकांच्या लक्षातही येत नाही.

हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, शोधून द्या. १५ आकडी असतो, खोक्यावर आणि बिलावर असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. फोन कुणी उचलला आणि त्यात आपलं सिम घातलं, तर या आकड्यावरून तो पुन्हा सापडतो. फक्त ध्यानात ठेवा की मग तुम्ही फोनच्या मागे आहात, माणसाच्या नाही. एका आजोबांचा फोन टेम्पोच्या हौद्यात पडला आणि आम्ही दोन दिवस भाजीच्या गाडीमागे नाशिक ते वाशी फिरलो. आजोबा गावातच शाळेच्या पडवीत होते.

स्मार्टफोन असेल तर खरं नेमकं ठिकाण टॉवरच्या कंपनीकडे नसतं, ते फोनमध्ये आणि गूगल किंवा ॲपलच्या खात्यात असतं. घरात दुसऱ्या एखाद्या मोबाईलवर किंवा संगणकावर त्यांचं खातं उघडं असेल तर फोन शोधायची सोय, म्हणजे गूगलचं फाइंड हब किंवा ॲपलचं फाइंड माय, लगेच बघा आणि काही दिसलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. पासवर्ड बदलू नका. गूगलचा जुना प्रवासाचा इतिहास आता बहुतांशी फोनमध्येच साठवला जातो, त्यामुळे पूर्वीसारखा तो दुसरीकडून मिळेल याची खात्री नाही. जीविताच्या धोक्याच्या प्रसंगी या कंपन्या पोलिसांकडून तातडीची विनंती घेतात, पण ती पोलिसांनीच करायची असते.

आणि वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकलात की दोन प्रकारचे फोन येतील. एक, ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे, गाडीभाड्याचे पैसे पाठवा.’ आधी फोटो मागा, पैसे नाहीत. दोन, ‘काही हजारांत लोकेशन काढून देतो.’ हा एक तर भामटा असतो, नाही तर गुन्हेगार, आणि त्याच्याकडून माल घेतलात तर तुम्हीही त्याच फायलीत जाता.

खूप दिवस झाले म्हणून माहिती गेली असं समजू नका. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. जुन्या मिसिंगमध्येही शेवटच्या दिवसांचा सीडीआर मागता येतो. त्यात मी आधी शेवटचा कॉल कधीच बघायचो नाही. महिन्याभरात कुठल्या वेगळ्या सेलवर फोन पुन्हा पुन्हा गेलाय ते बघायचो. विस्मरण झालेली माणसं सहसा नव्या जागी निघत नाहीत, जुन्या जागी निघतात: पहिली नोकरी, माहेर, विकलेलं शेत. तुमचे मामा त्या देवळात का गेले, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा. लहानपणीची जत्रा तिथली निघाली तर मला नवल वाटणार नाही.

वारीचा एक अपवाद सांगून ठेवतो. आषाढीला पंढरपुरात हरवलेल्यांच्या मागण्यांचा पाऊस पडतो आणि त्याच दिवसांत कंपन्या तिथे चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. त्यांचे सेल आमच्या जुन्या यादीत नसायचे, कधी पत्ता भलत्याच गावचा दाखवायचे. तिथे मोबाईलपेक्षा चंद्रभागेच्या वाळवंटातला भोंगा आणि दिंडीचा नंबर जास्त माणसं मिळवून देतो.

ताई, शेवटचं एक विचारायचं राहिलं. मामा सापडल्याचं तुम्ही ठाण्यात जाऊन कळवलंत का? पुष्कळ लोक आनंदाच्या भरात विसरतात. मामांना घेऊन जा, त्यांचा आणि ते ज्यांना सापडले त्यांचा जबाब होऊ द्या, मिसिंग बंद झाल्याची नोंद आणि तिचा क्रमांक मागून घ्या. तो क्रमांक, डॉक्टरची चिठ्ठी आणि आयएमईआय एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. विस्मरणाचा माणूस एकदा निघाला की पुन्हा निघतो, आणि पुढच्या वेळी संध्याकाळी ठाण्यात जाल तेव्हा ‘चोवीस तास थांबा’ म्हणणाऱ्यापुढे तो कागद ठेवता येईल.